लिफाफा कराडला उतरला

सकाळी नऊ वाजून चौतीस मिनिटांनी बाबांचा फोन आला.

“अनू, तुझ्या आईचं एक पत्र माझ्याकडं उतरलंय.”

मी तेव्हा पुण्यात, आमच्या टपाल केंद्राच्या तळघरात, स्वेटर घालून बसले होते. तळघर थंड ठेवावं लागतं.

“कसलं पत्र?” मी विचारलं. कसलं ते मला चांगलं माहीत होतं. चार मिनिटांपूर्वी मीच ते पाठवलं होतं.

“बंद लिफाफा. वर तुझं नाव. विषयात लिहिलंयस, ‘आईसाठी. फक्त आईसाठी.’ डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकतोय.”

“उघडलंत?”



“अन्विता,” बाबा म्हणाले. पूर्ण नाव म्हणजे मी काहीतरी फार चुकीचं बोलले होते. “मी अडतीस वर्षं पोस्टमन होतो.”

बंद लिफाफा वापरणाऱ्यांना तो कसा चालतो हे सहसा माहीत नसतं. ते समजावून सांगणं हेच माझं काम असल्यामुळं आधी ते सांगते.

साधी ईमेल म्हणजे आकड्यांची माळ. आकड्यांच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात. म्हणूनच एकच खातं दोन कॉम्प्युटरांवर उघडलं तरी दोन्हीकडं तीच पत्रं दिसतात. पत्रं असतात दूरच्या एका सर्व्हरवर. आपले कॉम्प्युटर त्या खोलीच्या नुसत्या खिडक्या. एका खिडकीतून पत्र वाचलं की दुसऱ्या खिडकीतही ते ‘वाचलेलं’ दिसतं. सोय मोठी आहे. धोकाही तोच आहे, कारण प्रत निघते म्हणजे चोरालाही काढता येते. जुनी गणिती कुलपं नव्या यंत्रांपुढं टिकेनाशी झाली, तेव्हा लोकांना कुणालाच प्रत काढता येणार नाही असं पत्र हवं झालं.

बंद लिफाफ्यातलं पत्र आकड्यांत नसतं, प्रकाशकणांच्या अवस्थांमध्ये असतं. ते कण तारेतून घरी येतात आणि कॉम्प्युटरला जोडलेल्या डब्यात, नखाएवढ्या एका स्फटिकात मुक्काम करतात. डबा म्हणजे खरोखर जेवणाच्या डब्याएवढी पेटी. आतला स्फटिक थंड ठेवण्यासाठी तिला सतत वीज लागते. बॅटरीवर ती पाच तास तग धरते. अनोळखी अवस्थेतल्या कणाची हुबेहूब प्रत काढता येत नाही. तसं यंत्र अजून कुणी बनवलं नाही म्हणून नव्हे. निसर्गाचा नियमच तसा आहे.

केंद्राच्या खिडकीवर लोक मला विचारतात, “पण मॅडम, समोरच्यानं पत्र न वाचता नष्ट केलं, हे मला कसं कळणार?” मी खिशातून एक शेंगदाणा काढते. हा दाणा भाजून खाता येतो किंवा पेरता येतो. दोन्ही करता येत नाही. त्यानं जर मला कोंब आणून दाखवला, तर त्यानं दाणा खाल्लेला नाही हे सिद्ध झालं. लिफाफ्यातल्या प्रत्येक कणाला असेच दोन प्रश्न आहेत आणि त्यांतला एकच विचारता येतो. डब्यावरचं हिरवं बटण पहिला प्रश्न विचारतं, की अक्षरं उमटतात. लाल बटण दुसरा विचारतं. मग अक्षरं कायमची जातात, पण त्याबदल्यात एक खूण केंद्राकडं परत येते आणि आम्ही ती पडताळतो. केंद्रात त्या खुणेला सगळे ‘कोंब’च म्हणतात. नाव मी पाडलं, आणि माझ्या एमएस्सीच्या दोन वर्षांतल्या कशाहीपेक्षा मला त्याचा जास्त अभिमान आहे.

तर अशी मी, रोज दहा जणांना बजावणारी, “खातं दोन ठिकाणी उघडं असेल तर लिफाफा ज्या डब्यानं आधी होकार दिला त्याच डब्यात उतरेल बरं का, नंतर तो हलवता येणार नाही.” आणि मीच गाफील राहिले, आमच्या घराचं खातं एक आणि कॉम्प्युटर दोन असताना.

खातं एकच, कारण बाबांचा तसा हट्ट. “घर एक तर पत्ता एक. एका घराला दोन पत्ते असले की पोस्टमनचं डोकं फिरतं.” कराडच्या घरातला कॉम्प्युटर बाबांचा. दुसरा आईचा, लातूरला. आई तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. गेल्या वर्षी, सत्तावन्नाव्या वर्षी, तिची लातूरच्या प्रशिक्षण केंद्रात निवड झाली, नव्या सेविकांना शिकवायला. मुदत दोन वर्षं. ती गेली तेव्हा मी दोघांना एकेक डबा भेट दिला होता. लिफाफा साडेनऊला सुटेल असं मी लावून ठेवलं, कारण तेव्हा बाबा मंडईत असतात आणि आई ऑफिसात लॅपटॉप उघडते. पण बाबा कॉम्प्युटर कधी बंदच करत नाहीत. “पोस्टाची पेटी कधी झाकून ठेवतात का?” लातूरच्या डब्याला जाग यायच्या आत कराडच्या डब्यानं होकार देऊन टाकला. आणि बाबा त्या दिवशी मंडईत गेलेच नव्हते. का, ते मला नंतर कळलं.

पत्रात काय होतं ते आता सांगते.

मागच्या महिन्यात चार दिवस मी कराडला होते. पहिल्या दिवशी बाबांनी मला चहा दिला, आणि दहा मिनिटांनी दुसरा कप घेऊन आले. मी हसून तोही प्यायले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तीन वेळा विचारलं, आईची गाडी किती वाजता येणार. आई येणारच नव्हती. चौथ्या दिवशी गॅस नुसता चालू होता, वर भांडं नव्हतं. अडतीस वर्षं अख्ख्या पेठेची दारं ज्यांना पाठ होती, ते माझे बाबा शेगडीसमोर उभे राहून ती कुणी पेटवली याचा विचार करत होते.

मी आईला लिहिलं होतं: बाबा विसरायला लागले आहेत. त्यांना एकटं ठेवणं बरोबर नाही. तू नोकरी सोड आणि कराडला परत ये.

आणि ते पत्र आता बाबांच्या टेबलावर हिरवं लुकलुकत होतं.

“बाबा,” मी शक्य तितक्या सहज म्हटलं, “माझी चूक झाली. तुम्ही फक्त लाल बटण दाबा. पत्र जाईल. मी दुसरं पाठवते.”

“म्हणजे नष्ट करू?”

“हो.”

“दुसऱ्याच्या नावचं टपाल नष्ट करू?”

“मीच पाठवलंय ना ते! मीच सांगतेय!”

“पेटीत पडलं की पत्र पाठवणाऱ्याचं राहत नाही, अनू. ज्याचा पत्ता त्याचं. हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं नाही का?”

“मग मी येते कराडला. दुपारपर्यंत पोचते.”

“तू येऊन काय करणार? तुझं नाव थोडंच आहे पत्त्यावर? चुकीच्या बीटला, दुसऱ्या पोस्टमनच्या हद्दीत आलेलं पत्र असलं की काय करायचं असतं? रीडायरेक्ट. इथून तिच्या डब्यात धाडता येतं का?”

“नाही. घरचे डबे फक्त घेतात, पाठवू शकत नाहीत.”

“बरं. किती दिवस टिकतं?”

“तीन दिवस. पण सतत वीज हवी, बॅटरीवर पाचच तास... बाबा, तुम्ही हे का विचारताय?”

“साडेदहाची सोलापूर गाडी आहे,” बाबा म्हणाले. “सोलापूरहून लातूर. हातानं पोचवतो.”

आणि फोन ठेवला.

मी लगेच आईला लावला. ती वर्गात होती. मागं पंचवीस-तीस बायका टाळ्या वाजवत एक बडबडगीत घोटत होत्या.

“आई, बाबा लातूरला निघालेत. एकटे. माझं एक पत्र घेऊन.”

“येऊ देत की. गाडी कितीची?”

“आई! सोलापूरला गाडी बदलायची आहे. आठेक तासांचा प्रवास आहे.”

“हे आयुष्यभर सायकलवर फिरलेत. बसून यायला काय होतंय?”

तिला कसं सांगणार? जे सांगायचं होतं ते डब्यात होतं आणि डबा बाबांच्या ताब्यात. फोनवर सांगता येत असतं तर मी लिफाफा कशाला केला असता? समोरासमोर बोलायची भीती वाटते तेव्हाच माणूस इतकं सुरक्षित पत्र लिहितो.

“मी सोलापूरला जाते,” मी म्हटलं. “आत्ता निघाले तर त्यांच्या आधी पोचेन.”

आता आईचा आवाज बदलला. ती बहुधा वर्गाबाहेर आली होती. “नको.”

“पण...”

“तू स्टँडवर जाऊन त्यांची वाट बघत उभी राहिलीस, तर त्यांना काय वाटेल? तू मुकाट्यानं तुझं काम कर. आणि काय गं, असं लिहिलंयस तरी काय?”

“तू वाच,” मी म्हटलं. “नाहीतर नको वाचूस. मला माहीत नाही.”

बारा वाजता बाबांचा फोन आला. मागं गाडीचा आवाज.

“बसलो बघ खिडकीशी. डबा सॉकेटला लावलाय. कंडक्टर विचारत होता, काका, औषध आहे का आत? म्हटलं, पत्र आहे. तो म्हणाला, पत्राला चार्जिंग? म्हटलं, हल्ली लागतं. दिवा हिरवाच आहे, बरोबर ना?”

“हिरवा बरोबर. पिवळा झाला तर वीज कमी पडतेय. बाबा, जेवलात?”

“भाकरी आहे पिशवीत. ऐक, सॉकेट एकच आहे आणि माझा फोन पंधरा टक्क्यांवर आलाय. मी तो बंद करून ठेवतो.”

“बाबा, फोन लावा सॉकेटला! पत्र राहू दे!”

“असं कसं?” ते म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं मी असं का म्हणतेय. “मी बोलायला निघालोय का पत्र पोचवायला?”

त्यानंतर त्यांचा फोन बंद.

त्या दुपारी मी सदतीस कोंब पडताळले. एकदोन चुकलेही असतील. सोलापूरचं स्टँड मला दिसत होतं. तिथं माझे बाबा हातात पांढरी पेटी घेऊन उभे आहेत आणि कुठं जायचं ते त्यांना आठवत नाहीये. मग मला तिसऱ्यांदा विचारलेला तो प्रश्न आठवायचा, आईची गाडी किती वाजता येणार.

आणि आणखी एक गोष्ट आठवली. गेले काही आठवडे मी ती मनात येऊच दिली नव्हती.

मी पहिलीत असताना बाबांनी जुना कॉम्प्युटर घेतला आणि हेच खातं उघडलं. आई तेच खातं पंचायत समितीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बघायची. त्या वर्षी तिनं याच प्रशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. ती रोज ऑफिसात जाऊन बघायची, काही आलेलं नसायचं. पण पत्र आलं होतं. तेव्हाच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय असायची: घरचा कॉम्प्युटर सर्व्हरवरची पत्रं स्वतःकडं उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरची पुसून टाकायचा. ‘प्रत सर्व्हरवर राहू द्या’ या ओळीपुढं एक टिचकी मारायची असते, ती बाबांना माहीत नव्हती. आईच्या निवडीचं पत्र आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर अकरा दिवस पडून होतं. दिवाळीचे दिवस, टपालाचा ढीग. बाबांनी कॉम्प्युटरकडं बघितलंच नाही. बघितलं तेव्हा हजर व्हायची तारीख उलटून गेली होती.

आई दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी अंगणवाडीत गेली. बाबांनी त्या ओळीपुढं टिचकी मारली, आणि त्यानंतर कॉम्प्युटर कधी बंद केला नाही.

पंचवीस वर्षांनी तिला तीच जागा मिळाली होती. आणि मी, त्यांची शिकलेली मुलगी, जगातल्या सगळ्यांत आधुनिक टपालानं तिला कळवत होते की ती सोड.

सात वाजून बावीस मिनिटांनी माझ्या पडद्यावर एक ओळ उमटली. लिफाफ्याचा क्रमांक मला पाठ होता. पुढं लिहिलं होतं: न उघडता नष्ट. खूण पडताळली.

माझं पत्र. त्याचा कोंब.

मी खुर्चीत मागं रेलले आणि विचार करायचा प्रयत्न केला. डब्याची वीज संपली असती तर कण नुसते विस्कटले असते. खूण आली नसती. खूण येते ती कुणीतरी लाल बटण दाबलं तरच. म्हणजे डबा शाबूत होता आणि बटणावर कुणाचं तरी बोट होतं. कुणाचं, ते भौतिकशास्त्र सांगत नाही.

फोन वाजला. आई.

“पोचले गं.”



“पोचले ते पोचले, कपड्यांची पिशवी सोलापूरला विसरून आले,” आई म्हणाली. “बीपीच्या गोळ्या त्यातच. पण डबा असा धरून आणलाय जसं काय तान्हं मूल. आता वरणभात खातायत.”

“सोलापूरला गाडी कशी सापडली त्यांना?”

“डब्यावर पत्ता लिहिलाय की! पांढरा कागद चिकटवून, मोठ्या अक्षरात. सौ. शालन हणमंत सुतार, प्रशिक्षण केंद्र, लातूर. खाली बारीक, ‘न पोचल्यास परत: ह. सुतार, कराड.’ म्हणाले, सोलापूरला उतरलो आणि दोन मिनिटं काहीच आठवेना. मग डब्यावरचं वाचलं आणि चौकशीच्या खिडकीवर तोच दाखवला.”

“आई, लाल बटण कुणी दाबलं?”

“मी.”

“न वाचता?”

“अगं, ते दारात आले. डबा माझ्या हातात दिला. सही कर म्हणाले! खरंच, खिशातून कागद काढला सहीसाठी. मी म्हटलं, अहो, हे आहे तरी काय? तर म्हणाले, ‘माझ्याबद्दल आहे. अनूचा आवाज ऐकूनच कळलं. पाकीट हातात आलं की पोस्टमनला कळतं आत काय आहे ते.’ मी म्हटलं, मग उघडून का नाही बघितलं? म्हणाले, ‘कळणं वेगळं नि वाचणं वेगळं, शालन. पत्ता तुझा होता.’”

मागं ताटलीचा आवाज आला.

“मग म्हणाले, ‘एकदा तुझं पत्र माझ्याकडं अडकलं होतं. हे अडकू दिलं नाही.’ आता तूच सांग, त्यांच्यासमोर बसून ते मी कसं वाचू? आणि त्यात काय असणार ते मला माहीत नाही का? त्यांच्या विसरण्याबद्दल असणार. आणि मी नोकरी सोडावी, असं असणार.”

“तुला कसं माहीत?”

“मसुद्यात आहे की सगळं,” आई म्हणाली, जसं काही दुधाचा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर आहे. “तू बघत नाहीस का? खातं घराचं आहे, तू काय परकी आहेस? पासवर्ड तोच, यांचा बिल्ला नंबर.”

पासवर्ड मला लहानपणापासून माहीत होता. पण आईबाबांचं खातं म्हणजे आईबाबांची खोली. दार लोटून मी कधी आत गेले नव्हते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ते खातं तिसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं.

आलेल्या पत्रांत विजेची बिलं आणि लग्नपत्रिका. पाठवलेल्यांत जवळजवळ काही नाही. आणि मसुदे दोनशे बारा.

एकही मसुदा कुणाला पाठवलेला नव्हता. पाठवायची गरजच नव्हती. एका कॉम्प्युटरवर अर्धवट लिहून सोडलेलं पत्र सर्व्हरवर जपलं जातं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर तसंच्या तसं दिसतं. बाबा कराडला वर लिहायचे, आई लातूरला खाली. वर्षभर ते दोघं एका खोलीच्या दोन खिडक्यांतून बोलत होते. बाबांच्या प्रत्येक मजकुराखाली तारीख आणि वेळ, पोस्टाच्या सवयीनं.

‘शालन, मेथी किती मिनिटं शिजवायची? स. ११.०५.’

‘अहो, तुम्ही अजून चिरत असाल. चिरून झाली की विचारा.’

‘शालन, आज पोस्टासमोरच्या चौकात घराकडं कुठल्या बाजूनं जायचं ते आठवेना. थोडा वेळ उभा राहिलो, मग आठवलं. तुला सांगून ठेवतो. अनूला सांगू नको, ती घाबरते. स. ९.४०.’

खाली आईचं: ‘नाही सांगत. इथल्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, लवकर कळलं तर औषधानं बराच काळ थोपवता येतं. त्या दर गुरुवारी तपासतात. तुम्ही इकडं या. मी नोकरी सोडू का?’

आणि त्याखाली बाबांचं एकच वाक्य. नेहमी वर लिहिणारे बाबा, ते मात्र खाली लिहिलेलं, मोठ्या अक्षरात: ‘सोडलीस तर तुझ्याशी बोलणार नाही. स. ९.५८.’

पुढं दीड महिना नुसती घासाघीस. आई म्हणते या, बाबा म्हणतात घर उघडं टाकून कसा येऊ, पत्रं कोण घेईल. शेवटी पंधरा दिवसांपूर्वी बाबांचं: ‘मंडईत एकट्यानं जायचं बंद केलंय. भाजी शेजारचे आणून देतात. तू म्हणतेस ते कळतंय. पण निघायचं कसं ते कळत नाही. काहीतरी काम निघालं की येतो. स. ८.१५.’

मी ते दोनदा वाचलं. काम निघालं होतं. मीच काढलं होतं, स्वतःच्या चुकीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर लवकर आले. घरचं खातं उघडलं आणि नवा मसुदा घेतला. पाठवायचा नसलेला. मला सगळ्यांत अवघड गेलं ते हे, की या पत्राला कुलूप नव्हतं. कुणीही प्रत काढावी असं साधं, उघडं पत्र.

‘आई, बाबा,

काल जे नष्ट झालं ते पुन्हा लिहिते. मी लिहिलं होतं की आईनं नोकरी सोडून कराडला यावं. ते चुकीचं होतं. मी लिहिलं होतं की बाबांना विसरायला होतंय आणि मला भीती वाटते. ते बरोबर होतं, आणि ते मी बाबांना सांगायला हवं होतं. बाबा, गुरुवारी डॉक्टरांकडं मी पण येते. तुम्ही आता लातूरलाच राहा, कराडची चावी शेजारी राहू दे. घराचं टपाल मी महिन्यातून दोनदा जाऊन बघेन. कॉम्प्युटर बंद करणार नाही. शपथ.

अनू.’

मी जपून ठेवलं आणि चहा आणायला गेले. परत आले तर मसुद्याच्या डोक्यावर एक ओळ वाढलेली होती. लातूरच्या कॉम्प्युटरवरून.

‘अनू, पत्र पोचलं. वाचलं. गुरुवारी ये. येताना सोलापूर स्टँडवर माझी पिशवी बघ. ह. सुतार. स. ७.१०.’

मी तळघरात गेले, दिवे लावले, स्वेटर घातला. कामाला सुरुवात करण्याआधी पुन्हा एकदा डोकावले. आणखी एक ओळ आली होती.

‘अनू, पत्र पोचलं. वाचलं. गुरुवारी ये. ह. सुतार. स. ७.२५.’

मी बघत असतानाच त्या दोन ओळींच्या खाली तिसरी ओळ उमटायला लागली, एकेक अक्षर, आईच्या एका बोटानं टाइप करण्याच्या गतीनं.

‘दोनदा पोचलं. पुसू नकोस. राहू दे दोन्ही.’